जळक्या रबराचा वास

फेब्रुवारी १९३७. लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत जॉर्ज गर्श्विन स्वतःचीच रचना पियानोवर वाजवत होते. मध्येच क्षणभर त्यांचे भान हरपले, काही सूर निसटले आणि नाकाला जळक्या रबराचा वास जाणवला. सभागृहात काहीच जळत नव्हते. लगेच बोटे पूर्ववत चालू लागली.

गर्श्विन तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात, २६ सप्टेंबर १८९८ रोजी ब्रुकलिनमध्ये त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते एका संगीत-प्रकाशकाकडे गिऱ्हाइकांना नव्या चाली वाजवून दाखवू लागले. १९२४ मधील ‘रॅप्सडी इन ब्लू’ने जॅझला मैफलीच्या सभागृहात मानाचे स्थान दिले, १९३५ मध्ये ‘पोर्गी अँड बेस’ ही संगीतिका आली. पुढच्या वर्षी गीतकार बंधू आयरा यांच्यासह ते चित्रपटांसाठी हॉलिवूडला गेले.

तेथे तो वास पुनःपुन्हा येऊ लागला. त्याच्या जोडीला तीव्र डोकेदुखी आणि चक्कर होती. हातातल्या वस्तू गळून पडत. नसलेला दुर्गंध क्षणभर येणे हा मेंदूच्या कानशिलाकडील खंडातून उठणाऱ्या अपस्माराच्या झटक्याचा प्रकार आहे, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. तरीही जूनमधील तपासणीत ठोस काही सापडले नाही. कण्यातून पाणी काढून तपासण्यास गर्श्विन यांनी नकार दिला आणि हिस्टेरियाची शंका नोंदवून त्यांना घरी पाठविण्यात आले.

डॉक्टरांना दोष देणे आज सोपे आहे. पण कवटीच्या आत पाहण्याचे साधन तेव्हा किती तोकडे होते! साध्या क्ष-किरणांत मेंदू दिसत नाही. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये एक युक्ती काढली होती. कवटीला भोक पाडून मेंदूतील पोकळ्यांत हवा भरायची आणि मग छायाचित्र घ्यायचे. पोकळी एका बाजूला ढकललेली दिसली, की गाठ कोठे आहे याचा अंदाज येई. गाठ स्वतः दिसत नसे, दिसे ती तिने केलेली सरकासरक.

९ जुलैला गर्श्विन बेशुद्ध पडले. चेसापीक उपसागरात नौकेवर असलेल्या डँडींना शोधून काढण्यात आले; परंतु थांबण्याइतका वेळ उरला नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉवर्ड नॅफझिगर यांच्या उपस्थितीत हवेची तपासणी झाली. उजव्या कानशिलाकडील खंडात गाठ असल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियेत द्रवाने भरलेली पोकळी व तिच्या भिंतीला चिकटलेला गोळा आढळला. रविवार, ११ जुलै १९३७ रोजी सकाळी गर्श्विन यांचे निधन झाले.

ती गाठ ग्लिओब्लास्टोमा या घातक जातीची होती, असे निदान झाले. पुढे काही अभ्यासकांनी मात्र ती संथ वाढणारी असावी, असे सुचविले. अशी पोकळी व भिंतीवरचा गोळा एमआरआयमध्ये दिसला, तर संथ गाठींचाच विचार आधी होतो. मेंदूच्या सालीत वसलेल्या या संथ गाठी झटके अधिक वेळा आणतात. काहींत चुन्याचे कणही दिसतात. ग्लिओब्लास्टोमात बहुधा वेडेवाकडे उजळ कडे, आत मृत पेशी आणि भोवती पसरलेली सूज आढळते.

सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला तो ऑक्टोबर १९७१ मध्ये, लंडनमधील विम्बल्डन येथे. गर्श्विन हयात असते, तर तेव्हा नुकतेच ७३ वर्षांचे झाले असते.