धर्मानंद कोसंबी : श्रद्धा ठेवली, बुद्धी गहाण टाकली नाही

आम्ही गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर पुस्तकं वाचून. तेव्हा चूकभूल माफ असावी.

आपलं शिरड शहापूर म्हणजे भगवान मल्लिनाथांचं जैन क्षेत्र. तालुक्याला औंढा नागनाथ, तिकडे नर्सीला संत नामदेव. या सगळ्यांच्या शेजारी आपलं विहार उभं आहे. शेजार चांगला आहे. भांडण होतं ते आपल्याच वस्तीत. शिकलेली पोरं विचारतात, मेणबत्ती कशाला, वंदना कशाला, यात विज्ञान काय आहे? उपासिका बायांना ते लागतं. मग एक विहारात यायचं बंद करतो, दुसरा बोलायचं बंद करतो. म्हणून यंदा धर्मानंद कोसंबी यांचं चरित्र सांगावं असं मनात आलं.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातील सांखवाळ गावचा, सारस्वत ब्राह्मण घरातला. तब्येतीनं अशक्त, शाळा फारशी झाली नाही, नारळीच्या बागा सांभाळायचं काम. 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि या माणसाचा धर्म मुळातून शिकायचाच असं मनानं घेतलं. १८९९ च्या शेवटी ते घर सोडून निघाले. मागे पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी. त्या माउलीनं काय सोसलं असेल, हेही आपण विसरू नये. मोठ्या माणसाच्या चरित्रात घरच्या बाईचा वाटा लिहायचा राहून जातो.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. भांडारकर प्रार्थना समाजाचे, ईश्वर मानणारे. या पोराची ओढ बुद्धाकडे. तरी भांडारकरांनी त्याला आधार दिला. पुढे काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ, बुद्धगया करत सिलोनला पोचले. १९०२ मध्ये विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ पाली शिकले, श्रामणेर झाले. तिथून ब्रह्मदेश. परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पण आपल्या माणसांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा, म्हणून ती नोकरी सोडली आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहिले. १९१० साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' ग्रंथ शुद्ध करण्याच्या कामाला गेले. असे चार वेळा गेले. १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. सातवी शिकलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून बळ येतं.

आता मुद्द्याची गोष्ट. कोसंबी बुद्धाचे भक्त, पण डोळे मिटून मानणारे नव्हते. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडले, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कोसंबींना पटेना. त्यांनी जुनी पाली सुत्तं धुंडाळली. शस्त्रं घेऊन एकमेकांवर धावणारी माणसं पाहून सिद्धार्थांना वैराग्य आलं, असं त्यांनी १९४०-४१ च्या 'भगवान बुद्ध' ग्रंथात मांडलं. शाक्य आणि कोलिय यांचं भांडण रोहिणी नदीच्या पाण्यावरून. पाण्याचं भांडण म्हणजे काय हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांच्या १९५७ साली आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचं कारण हेच पाण्याचं भांडण आहे. चमत्कार काढला म्हणून बुद्ध लहान झाले का? उलट जवळचे झाले.

याच ग्रंथात कोसंबींनी लिहिलं की, जुन्या काळी भिक्षेवर राहणारे श्रमण, जैन साधूसुद्धा, मांस घेत असत. जैन समाज दुखावला, मोठा विरोध झाला. त्या शब्दांचा अर्थ मांस नसून फळाचा गर आहे, असं जैन पंडितांचं म्हणणं. कोसंबींनी आपलं मत बदललं नाही, पण जैन धर्माबद्दलचा आदरही सोडला नाही. गुजरात विद्यापीठात मुनी जिनविजयजी आणि पंडित सुखलालजी हे जैन विद्वान त्यांचे सहकारी होते. पुढे त्यांनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे पुस्तक लिहिलं. हिंसा, असत्य, चोरी आणि संग्रह सोडायची पार्श्वनाथांची शिकवण जगाला तारील, असं त्यात मांडलं. ज्यांच्याशी वाद, त्यांच्यातलं चांगलं मोकळ्या मनानं उचललं.

घरातही तसंच. मुलगा दामोदर (१९०७–१९६६) मोठा गणिती, पक्का मार्क्सवादी, देवधर्म न मानणारा. जुनी चांदीची नाणी तोलून, हाताळणीनं ती किती झिजली ते मोजून त्यांचा काळ ठरवणारा. बापानं बुद्ध पाली ग्रंथांत शोधला, तर लेकानं बुद्धाचा काळ नांगर, लोखंड आणि व्यापाऱ्यांच्या वाटा यांत शोधला. बापालाही समाजवाद पटायचा, पण त्याला अहिंसेची जोड हवी असं त्यांचं मत. रस्ते दोन, पण पुरावा दाखवल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त दोघांची एकच.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला जाऊन कोसंबींनी तुरुंग भोगला. १९३७ मध्ये मुंबईत परळला, आमच्या कामगार भावांच्या वस्तीत, बहुजन विहार सुरू केलं. त्याला पैसा दिला जुगलकिशोर बिर्ला या सनातनी हिंदू शेठजींनी.

शेवटी आजारानं देह खंगला. जैन परंपरेतल्या सल्लेखनेसारखा उपास करून देह ठेवायचा असं त्यांनी ठरवलं. १९४६ मध्ये गांधीजींच्या विनंतीवरून एकदा उपास सोडला. पण जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्याच मार्गानं ते गेले. आम्हाला हे पटत नाही. भगवंतांनी देहाला पीडा देणं नाकारलं, मध्यम मार्ग सांगितला. पण न पटणं वेगळं आणि हात जोडणं वेगळं. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

आता स्वतःचं सांगतो. चळवळीच्या जोशात, तरुणपणी, आम्ही आईच्या कोनाड्यातले देव तिला न विचारता विहिरीत टाकले. बावीस प्रतिज्ञा आम्ही तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पण आई आठ दिवस बोलली नाही, आणि कोनाड्याकडं तोंड करून बसायची. तिला समजावून सांगायला आमच्याकडं दोन घटका नव्हत्या काय? पुढे ती आपण होऊन विहारात येऊ लागली. आमच्या त्या शौर्यामुळे नव्हे, शेजारच्या उपासिका हाताला धरून घेऊन गेल्या म्हणून. हे कोसंबींचं चरित्र वाचलं तेव्हा आमची चूक आम्हाला दिसली.

म्हणून तरुणांना विनंती, प्रश्न विचारा, पण विहारात येऊन, बसून विचारा. आणि मायबहिणींना विनंती, प्रश्न विचारणाऱ्या पोराला पाखंडी म्हणू नका, त्याला चहा द्या. बुद्धाला प्रश्नाचं भय नव्हतं, मग आपल्याला का असावं?

नमो बुद्धाय! जय भीम!