परतीच्या वाटेची शिल्लक

नोकरीची सारी वर्षे बँकेत गेली. त्यामुळे माणूस असो की पक्षी, त्याच्या गाठीला शिल्लक किती, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. एडवर्ड विल्सनचे आयुष्य वाचतानाही त्याने माझा पिच्छा सोडला नाही.

१८७२ साली इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला जन्मलेला हा डॉक्टर पक्ष्यांचा अभ्यासक होता आणि चित्रेही सुरेख काढी. क्षयाच्या आजारातून उठून १९०१ मध्ये तो कॅप्टन स्कॉटबरोबर अंटार्क्टिकाला गेला. तिथे केप क्रोझियरला एम्परर पेंग्विनांची वसाहत सापडली. हा पक्षी ऐन हिवाळ्यात अंडी घालतो, हे विल्सनने ताडले.

एरवी खोल बुडी मारून मासे, माकूळ आणि कोळंबीसारखे क्रिल खाणारा हा पक्षी. पण वसाहतीत आला की नराचा उपास सुरू होतो. पायांवर अंडे सांभाळण्याचा काळ धरून जवळजवळ चार महिने तो अंगच्या चरबीवर काढतो. चरबी फारच खाली गेली, तर अंडे टाकून समुद्राची वाट धरतो. परतीपुरती शिल्लक तो मोडत नाही. हे गणित पुढच्या संशोधकांनी उलगडले. तोवर विल्सन हयात नव्हता.

जून १९११ च्या अखेरीस, चोवीस तासांच्या काळोखात, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्डला घेऊन तो अंडी आणायला निघाला. थंडी उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरली. वाटेत तिघांनी स्वतःवरच आहाराचा प्रयोग केला. एकाने बिस्किटे जास्त खाल्ली, दुसऱ्याने चरबीत कालवलेले सुके मांस, तर विल्सनने लोणी. त्याला ते संपेना आणि बिस्किटे खाणाऱ्याला चरबीची हाव सुटली. पाच आठवड्यांनी तिघे तीन अंडी घेऊन परतले. या अनुभवावरूनच ध्रुवाच्या वाटेवरचा शिधा ठरला. गाडी ओढण्याच्या कष्टाला तो अपुरा होता, असे आज तज्ज्ञ मानतात.

जानेवारी १९१२ मध्ये पाच जण ध्रुवावर पोचले. अमुंडसेन महिनाभर आधीच येऊन गेला होता. परतताना विल्सन स्वतः अर्धपोटी असूनही इव्हान्सच्या हातांची आणि ओट्सच्या पायांची शुश्रूषा करीत राहिला. ते दोघे वाटेतच गेले. मार्चअखेर विल्सन, स्कॉट आणि बॉवर्स तंबूतच संपले. अन्नाचा साठा अकरा मैलांवर होता. विल्सन तेव्हा अवघा ३९ वर्षांचा होता.

पेंग्विन वेळ आली की अंडे सोडतो आणि जगतो. त्यात त्याचा दोष नाही. विल्सनने सोबती सोडले नाहीत. माझी खातेवही याला तोटा म्हणेल. मला मात्र तसे म्हणवत नाही.