अननसाचा वास शोधणाऱ्या शास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या विषारी हवेचं गुपित कसं फोडलं?

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. त्या दिवशी लॉस एंजेलिसची माणसं कामाला बाहेर पडली आणि बघतात तर काय, शहरावर धुरकट पडदा पसरलेला. थोडं लांबचंही दिसेना. डोळ्यांची आग होत होती, नाकातून पाणी येत होतं, घसा जळत होता.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. जपानने गॅस सोडला, अशी अफवा पसरली.

पण जपानचा काही संबंध नव्हता. मग संशय गेला शहरातल्याच एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाईन बनायचं. लोकांनी आरडाओरड केली, कारखान्याचं काम थांबवलं गेलं, पण धुरकं काही हटलं नाही. पुढची काही वर्षं हेच चालू राहिलं. धुरकं यायचं, लोक खोकायचे, प्रशासन नवा आरोपी शोधायचं.

हा खरा आरोपी शेवटी ज्यांनी पकडला, त्यांचा हवेच्या प्रदूषणाशी तोवर काडीचाही संबंध नव्हता. त्यांचं नाव आरी हाखेन-स्मिट.

त्यांचा जन्म १९०० सालचा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातला. शिक्षणही तिथल्याच विद्यापीठात झालं. झाडांमधली रसायनं हा त्यांचा आवडीचा विषय. १९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला आले आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या पासाडेनाच्या कॅल्टेकमध्ये रुजू झाले. तिथे ते एका मजेशीर प्रश्नामागे लागले होते. अननसाला अननसाचा वास नेमका कशामुळे येतो? त्यासाठी ढीगभर अननस आणून ते त्यांची वाफ थंड करायचे आणि त्यातून हाती आलेल्या थेंबांमध्ये काय काय आहे ते तपासायचे.

१९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने हवेच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र खातं काढलं. तिथल्या लोकांना वाटत होतं, जे लंडनला तेच इथे. लंडनमध्ये दगडी कोळसा जळायचा, त्यातून काजळी आणि गंधकाचा धूर निघायचा. म्हणून इथेही कारखाने आणि रिफायनऱ्यांच्या गंधकावर बंधनं आली. गंधक कमी झालं, पण डोळ्यांची जळजळ होती तशीच राहिली.

खरं तर हिशोबच जुळत नव्हता. लंडनचं धुरकं थंडीत, ओलसर हवेत दाट व्हायचं. लॉस एंजेलिसचं धुरकं लख्ख उन्हाच्या दिवशी वाढायचं. आसपासच्या शेतांत पालकाची पानं चंदेरी, तपकिरी पडून वाळायची. गाड्यांच्या टायरना भेगा जायच्या. गंधकाच्या धुराने असं होत नाही.

मग खात्याने हाखेन-स्मिट यांना विचारलं. जो माणूस अननसाच्या वासातली रसायनं वेगळी काढू शकतो, त्याला हवेतली काढायला काय हरकत आहे?

त्यांनी अननसाचीच युक्ती वापरली. पासाडेनाची हजारो घनफूट हवा अतिथंड नळ्यांमधून ओढली. तळाशी उरले तपकिरी, घाण वासाचे थोडेसे थेंब. त्यात अर्धवट ऑक्सिडाईज झालेली सेंद्रिय रसायनं होती. धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून ती तशीच्या तशी निघत नव्हती. म्हणजे ती वर हवेत तयार होत होती.

हेच त्यांचं मोठं काम. पेट्रोलची न जळलेली वाफ आणि इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साईड हवेत मिसळतात, त्यांच्यावर ऊन पडतं आणि ओझोन तयार होतो. आकाशात खूप वर असलेला ओझोन आपल्याला सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवतो. तोच ओझोन नाकाच्या उंचीवर आला की श्वासनलिका आतून सोलवटल्यासारखी करतो, दमा असणाऱ्याला ॲटॅक आणतो. लॉस एंजेलिसला तीन बाजूंनी डोंगर आणि एका बाजूला समुद्र. वर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि खालची हवा कोंडली जाते. त्यात हे सगळं दिवसभर शिजत राहायचं.

ओझोन मोजायला त्यांनी रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवली आणि तिला तडा जायला किती मिनिटं लागतात ते पाहिलं. इतकी साधी युक्ती. १९५२ मध्ये त्यांनी हे सगळं शोधनिबंधात मांडलं. त्याचा अर्थ असा होता की गुन्हेगार एखादा कारखाना नाही. पेट्रोल बनवणाऱ्या रिफायनऱ्या आणि ते जाळणारी घरोघरची गाडी, हेच दोषी.

हे ऐकून कोण खूश होणार?

तेल कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेने त्यांच्या कामात खोट काढली. कॅल्टेकमध्येच झालेल्या एका व्याख्यानात त्यांची पद्धत चुकीची ठरवली गेली. हाखेन-स्मिट खरं तर आपल्या झाडांकडे परतायच्या विचारात होते. पण हे ऐकून त्यांचं डोकं सणकलं आणि ते धुरक्याच्या मागे पूर्णवेळ लागले. टीकाकारांनी गप्प बसायचं ठरवलं असतं, तर ते कदाचित पुन्हा अननसातच रमले असते.

गाडी कंपन्यांचंही तसंच. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका लोकप्रतिनिधीने फोर्ड कंपनीला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की गाडीचा धूर हवेत लगेच विरून जातो, त्याचा त्रास होत नाही. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मोठ्या गाडी कंपन्यांवर खटला भरला. धूर कमी करणारी यंत्रं उशिरा यावीत म्हणून त्यांनी आपसात संगनमत केलं, असा आरोप होता. प्रकरण तडजोडीने मिटलं.

सामान्य माणसालाही हे गोड लागलं नाही. घराच्या मागे कचरा जाळायच्या भट्ट्या असायच्या, त्यांच्यावर १९५७ मध्ये बंदी आली तेव्हाही लोकांनी कुरकुर केली. गाडी तर त्याहून लाडकी. तरी १९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा आली. १९६८ मध्ये राज्याचं एअर रिसोर्सेस बोर्ड सुरू झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले हाखेन-स्मिट. प्रयोगशाळेतला माणूस आता नियम करायला बसला होता. १९७३ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. शिशामुळे तो निकामी होतो, म्हणून शिसं नसलेलं पेट्रोलही आलं.

१९७७ च्या सुरुवातीला एल माँटे इथल्या बोर्डाच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. दोनेक महिन्यांनी, मार्चमध्ये, फुफ्फुसाच्या कॅन्सरने ते गेले.

त्यांच्या कामाचं मोजमाप बरंच नंतर हाती आलं. १९९३ पासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांची फुफ्फुसं वर्षानुवर्षं तपासली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. हवेतला नायट्रोजन डायऑक्साईड आणि बारीक धूलिकण जसे कमी झाले, तशी नंतरच्या पिढीतल्या मुलांची फुफ्फुसं आधीच्यांपेक्षा चांगली वाढली. दमा असणाऱ्या मुलांचीसुद्धा. तरी लॉस एंजेलिसची ओझोनची कटकट अजून पूर्ण संपलेली नाही.

आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ मध्ये. २०१५ पासून देशात एक्यूआय मोजला जातो आणि त्यात ज्या आठ प्रदूषकांची नोंद होते, त्यात ओझोनही आहे. आपण हवा खराब म्हणतो ती हिवाळ्यात सकाळी धुरकट दिसल्यावर. ओझोन मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि वाढतो तो कडक उन्हाच्या दुपारी, आकाश निरभ्र असताना.