विदूषकांचा राजा : जोसेफ ग्रिमाल्डी

विदूषक दिसताच लहानथोर सर्वांच्या मुखावर हसू उमटते. परंतु दुसऱ्याला हसविणे ही किती कष्टसाध्य विद्या आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जोसेफ ग्रिमाल्डीने ही विद्या बालपणापासून घाम गाळून संपादन केली.

१८ डिसेंबर १७७८ रोजी लंडन शहरात त्याचा जन्म झाला. त्याचे वडील मूळचे इटलीचे. ड्रूरी लेन नाट्यगृहात ते नृत्यशिक्षक होते. स्वभाव अतिशय करडा. जोसेफला तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १७८१ मध्ये, त्यांनी त्याला सॅडलर्स वेल्स नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभे केले. नृत्य, कोलांट्या उड्या व मूकाभिनय यांचे धडे तो गिरवू लागला. चूक झाली की मार ठरलेला. एकदा तो माकडाची भूमिका करीत होता. वडील त्याला साखळीने गरगर फिरवीत असता ती तुटली आणि बालक प्रेक्षकांत जाऊन पडला! सुदैवाने त्याला इजा झाली नाही.

१७८८ मध्ये पितृछत्र हरपले. त्याचे आठवड्याचे १५ शिलिंग वेतन घटून ३ शिलिंगांवर आले. तरीही नऊ वर्षांच्या या मुलाने धीर सोडला नाही. पुढे कित्येक रात्री एका नाट्यगृहातील काम आटोपून तो धावत दुसरे नाट्यगृह गाठी.

१८०० मध्ये त्याची पत्नी बाळंतपणात निवर्तली. दुःख गिळून तो पुन्हा लोकांना हसवू लागला. पांढरा रंगविलेला चेहरा आणि गालांवर तांबडे त्रिकोण, हे त्याचे रूप घरोघर परिचित झाले. लोभ, भीती, खट्याळपणा हे सारे भाव तो केवळ नजरेने दाखवी. २९ डिसेंबर १८०६ रोजी कॉव्हेंट गार्डन येथे रंगभूमीवर आलेल्या ‘मदर गूज’चे ९२ प्रयोग झाले.

परंतु वर्षानुवर्षे मारलेल्या उड्यांनी व आपटण्यांनी त्याचे सांधे निकामी झाले. १८२३ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याला रंगभूमी सोडावी लागली. १८२८ मध्ये निरोपाच्या प्रयोगासाठी तो आला, तेव्हा त्याला उभेही राहवेना. खुर्चीवर बसूनच त्याने आपले काम केले. ज्यांना त्याने जन्मभर हसविले, त्यांचे डोळे त्या रात्री पाणावले.

३१ मे १८३७ रोजी त्याचे निधन झाले. इंग्रजीत विदूषकाला ‘जोई’ म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. स्वतःच्या वेदना झाकून जगाला आनंद वाटणाऱ्या या कलावंताचे याहून उचित स्मारक कोणते?