टिळकांचं वाया गेलेलं वर्ष

पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या मैदानावर तुम्ही कधी गेला असाल, तर हे चित्र ओळखीचं असेल. कॉलेजचीच पोरंपोरी, अंगात ट्रॅक पँट, पायात झिजलेले बूट, कुणाच्या तरी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलेलं. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कुणाला दहा किलो कमी करायचेत, कुणाची छाती पाच सेंटिमीटर फुगत नाही. या सगळ्यांच्या घरी एकच वाद चालू असतो. अभ्यास सोडून हे काय चाललंय? यात वर्ष गेलं तर?

हा वाद तुमच्याही घरी चालू असेल, तर आज एका मुलाची गोष्ट ऐका. त्याचं नाव तुम्हाला पाठ आहे. गणपतीच्या मंडपात त्याचा फोटो असतो, १ ऑगस्टला शाळेत तुम्ही त्याच्यावर भाषणही ठोकलं असेल. शेंगांची टरफलं आणि ती सिंहगर्जना आज बाजूला ठेवू. आज बोलू या ते बाळ गंगाधर टिळक या मुलाच्या एका वर्षाबद्दल, जे कागदावर सरळसरळ वाया गेलं होतं.

काडी पैलवान

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृत आणि गणितात पक्के. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्याला झाली, सगळं घर पुण्यात आलं आणि थोड्याच दिवसांत आई गेली. बाळ तेव्हा दहा वर्षांचा. १८७१ मध्ये त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न झालं. १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी मुलगा मॅट्रिक झाला. १८७३ च्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजात दाखल झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आईवडील नाहीत, डोक्यावर काकांचं छत्र आणि लग्नाची जबाबदारी.

डोकं तल्लख होतं, गणितात तर विशेष. शरीराची मात्र बोंब होती. हातपाय बारीक, पोटाची सतत तक्रार. अंगाच्या मानाने डोकं मोठं दिसायचं. बायको सत्यभामाबाई त्यांच्यापेक्षा धडधाकट दिसायच्या आणि मित्र त्यावरून चिडवायचे. हॉस्टेलमधली मुलं कशी असतात हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हाही ती तशीच होती.

आता तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? हुशार मुलाने साधारण जे केलं असतं तेच. म्हणजे पुस्तकात डोकं घालायचं, पहिला नंबर काढायचा, चिडवणाऱ्यांची तोंडं निकालाने बंद करायची. टिळकांनी उलटं केलं. त्यांनी ठरवलं की कॉलेजचं पहिलं वर्ष शरीरासाठी. अभ्यास नंतर बघू.

तालीम, नदी आणि ताट

डेक्कन कॉलेज येरवड्याला, तेव्हाच्या पुण्याच्या बऱ्यापैकी बाहेर. दगडी इमारत नवी कोरी, कॉलेज तिथे येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. आजूबाजूला मोकळं रान, जवळ नदी. टिळकांचा दिवस सुरू व्हायचा तालमीत. जोर, बैठका, कुस्ती. मग नदीत पोहणं. कधी कॉलेजच्या बोटी वल्हवणं. पुढे ते पट्टीचे पोहणारे झाले. पाण्यावर बराच वेळ निवांत तरंगत राहायचे.

आणि खाणं! व्यायाम करून आल्यावर भरपूर दूध, पोटभर जेवण. आधी जे पोट साधं जेवण नीट पचवत नव्हतं, तेच आता मागून घ्यायला लागलं.

या सगळ्यात नवल काहीच नाही हे लक्षात घ्या. जोर म्हणजे छाती, खांदे आणि दंड. बैठका म्हणजे मांड्या. कुस्तीत सगळं अंग कामाला लागतं, पोहण्यात आणि वल्हवण्यात दम वाढतो. आज तुमचा ट्रेनर स्ट्रेंग्थ आणि कार्डिओ अशा दोन रकान्यांत जे लिहून देतो, ते सगळं त्यात होतं. वर भरपेट खाणं. मशीन एकही नव्हतं. होतं ते फक्त सातत्य. आज तालमीत आणि पुढचे आठ दिवस गादीवर, असं नव्हतं. अख्खं वर्ष, रोज.

टिळकांना वजन वाढवायचं होतं, तुमच्यापैकी अनेकांना कमी करायचं असेल. गाडीची दिशा वेगळी, रस्ता तोच. रोज अंगाला थोडं जास्त काम द्यायचं, ताटाकडे नीट लक्ष द्यायचं, झोपायचं आणि वाट बघायची. वाट बघणं हाच यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. पंधरा दिवसांत आरशात काही दिसत नाही. तिथेच बहुतेक जण सोडतात.

बाटल्या खिडकीबाहेर

अंगात ताकद आल्यावर टिळकांच्या अंगात खोड्याही आल्या. हॉस्टेलमध्ये त्यांना दोन टोपणनावं होती, ब्लंट आणि डेव्हिल. पहिलं तोंडावर बोलायच्या सवयीमुळे, दुसरं उचापतींमुळे. काही मुलं तब्येतीच्या नावाखाली बाजारातली तयार औषधं आणून कपाटात मांडून ठेवायची. टिळक त्या बाटल्या उचलून फेकून द्यायचे आणि मालकाला तालमीत चल म्हणायचे.

बाटली फेकायचा हा प्रकार तुम्ही रूममेटवर करू नका, मार खाल. आणि डॉक्टरने दिलेलं औषध तर मुळीच फेकायचं नाही. पण त्या बाटल्यांच्या जागी आज काय आहे ते बघा. तीन आठवड्यांत चरबी जाळणाऱ्या गोळ्या. कुठल्या तरी जिममध्ये कानात सांगितलं जाणारं इंजेक्शन. भरतीच्या महिनाभर आधी घाबरलेला मुलगा या गोष्टींना पटकन बळी पडतो. उपाशी राहून मैदानात चक्कर येऊन पडणारेही असतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या हॉस्टेलमध्ये होता तोच मोह आहे हा, घाम न गाळता निकाल मिळवायचा.

निकाल काय लागला?

वर्ष संपलं. शरीर कमावलं, वर्ष गमावलं. पहिल्या वर्षाचा अभ्यास पुन्हा करावा लागला. आजच्या भाषेत इयर डाऊन.

इथे जरा थांबू. आपण टिळकांचा शेवट माहीत असल्यामुळे हे सगळं किती दूरदृष्टीचं वाटतं! पण तेव्हा ते लोकमान्य नव्हते. तेव्हा ते एक अनाथ, हुशार, लग्न झालेले आणि एक वर्ष मागे पडलेले विद्यार्थी होते. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील याची कल्पना तुम्ही करू शकता.

पुढचं मात्र त्यांनी सोडलं नाही. शरीराचं वर्ष संपल्यावर अभ्यासाची वर्षं सुरू झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिताचे प्राध्यापक मिळाले आणि टिळक त्यांचे लाडके विद्यार्थी झाले. १८७७ मध्ये ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले, १८७९ मध्ये एल.एल.बी. गणितात एम.ए. करायला गेले आणि दोनदा नापास झाले, तेही सांगून टाकतो. आयुष्यात त्याचं काही अडलं नाही.

ज्या कामाची जाहिरात निघाली नव्हती

तुम्हाला निदान माहीत आहे की भरतीत किती मीटर धावायचंय, गोळा किती लांब टाकायचाय. टिळकांना आपल्यापुढे कोणती शारीरिक परीक्षा आहे हे १८७३ मध्ये कळायची सोय नव्हती. ते शिक्षक झाले, संपादक झाले. ही दोन्ही बसून करायची कामं. पण त्या काळात सरकारविरुद्ध लिहायचं तर कामाचं एक ठिकाण तुरुंग हेही होतं.

पहिली फेरी १८८२ मध्ये. कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. बाहेर आले तेव्हा टिळकांचं वजन २४ पौंडांनी उतरलेलं होतं, आगरकरांचं १६ पौंडांनी. म्हणजे साधारण ११ आणि ७ किलो. वजन कमी करायचा हा काही मार्ग नव्हे. अपुऱ्या, निकृष्ट अन्नावर उतरलेलं वजन म्हणजे शरीराने स्वतःलाच खाल्लेलं असतं, त्यात कमावलेले स्नायूही जातात.

दुसरी फेरी जास्त कडक. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. पुष्कळ लोक शहर सोडून गेले, टिळक थांबले आणि रुग्णालय उभं करण्यात पुढे राहिले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सक्तमजुरी म्हणजे काथ्या सोलण्यासारखं काम. तुरुंगातल्या जेवणात कांदा-लसूण, ते त्यांना चालायचं नाही, म्हणून सुरुवातीला नुसत्या भाकरीवर दिवस. वजन झपाट्याने घसरलं. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले तेव्हा खंगलेले होते. मग सिंहगडावर जाऊन राहिले, हवापाणी घेतलं आणि तब्येत पुन्हा उभी केली. वर्ष संपायच्या आत काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मद्रासला हजर. दर रविवारी तुम्ही आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढता ना? वर गेल्यावर टिळकांचा बंगला दिसतो. पुढच्या वेळी भजी खाण्याआधी तिथे दोन मिनिटं थांबा.

तिसरी फेरी सगळ्यात मोठी. २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होत होती. ब्रह्मदेशातलं मंडाले, लाकडी फळ्यांची खोली, उन्हाळ्यात भट्टी, वाऱ्याबरोबर धूळ. त्यात मधुमेह. म्हणून भात बंद केला. जवाचं पीठ आणि दूध यांवर भर. सोळाव्या वर्षी खाणं वाढवून शरीर कमावलेल्या माणसाने पन्नाशीनंतर खाणं मोजून ते टिकवलं. याच खोलीत १९१०-११ च्या हिवाळ्यात पाचेक महिन्यांत पेन्सिलीने त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं.

जे व्यायामाने थांबत नाही

आता थोडं कडू. एक वर्ष तालीम केली की आयुष्यभराचा विमा उतरतो, असं समजू नका. टिळकांना मधुमेह झालाच. आणि ज्या धडधाकट बायकोवरून मित्र त्यांना चिडवायचे, त्या सत्यभामाबाई जून १९१२ मध्ये मधुमेहानेच गेल्या. टिळक तेव्हा मंडालेत होते. निरोप घ्यायलाही मिळालं नाही. त्यांच्याबरोबर डोंगरीला गेलेले आगरकर दम्याने खंगत वयाच्या ३९ व्या वर्षी, १८९५ मध्ये गेले. ते काही मनाने कमी कणखर नव्हते. त्यांचं आजारी शरीर किती काम करून गेलं, ते बघून मान खाली जाते.

म्हणून शरीर बारीक आहे, जाड आहे, आजारी आहे यावरून कुणाची लायकी ठरवू नका. स्वतःचीही नको. टिळकांच्या त्या वर्षाने त्यांना अमर केलं नाही. त्याने दिलं ते एवढंच की पुढे धक्के बसले तेव्हा परत उभं राहायला अंगात काहीतरी शिल्लक होतं, आणि परत उभं कसं राहायचं हे माहीत होतं. १९१४ मध्ये सुटल्यावर, साठीच्या घरात, मधुमेह घेऊन ते होमरूलसाठी गावोगाव फिरले. पुढे विलायतेलाही जाऊन आले. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात वारले, तेव्हा त्यांना चौसष्टावं वर्षं संपून जेमतेम नऊ दिवस झाले होते.

तुमच्यासाठी

पहाटे मैदानावर जाणाऱ्या दोस्ता, तुझी निवड होईल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. जागा थोड्या असतात, धावणारे हजारो असतात. अभ्यास पूर्ण सोडून दे असंही मी म्हणणार नाही. टिळकांनीही एकच वर्ष दिलं आणि नंतर पुस्तकांकडे परत आले. तूही आधीच ठरव, किती दिवस देणार आणि मग काय करणार. ते घरी बसून मोकळेपणाने सांग. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

पण यादीत नाव आलं नाही म्हणून ते वर्ष वाया गेलं, असं मात्र कुणाला म्हणू देऊ नकोस. उतरलेले दहा किलो, वाढलेला दम आणि पहाटे उठायची सवय कुठलीही यादी परत घेत नाही.

आणि पुण्यात असशील तर एकदा डेक्कन कॉलेजला जाऊन ये. टिळक राहायचे ती हॉस्टेलची खोली तिथे जपून ठेवलेली आहे. साधी, छोटी खोली आहे, तुझ्या खोलीसारखीच. तिथून रोज पहाटे एक बारीक मुलगा तालमीला निघायचा, आणि परीक्षेत आपलं काय होणार हे त्यालाही माहीत नव्हतं.