चित्रकार आंजेलो द फोन्सेका

आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत ज्या घरी भिंतीवर प्रभूचे चित्र आढळते, तेथे बहुतकरून निळ्या डोळ्यांचा व पिंगट केसांचा ख्रिस्त असतो. मग चाकणच्या कारखान्यात कामास जाणाऱ्या आमच्या तरुणास सोबती पुसतात की, तुझा देव साहेब लोकांचा काय? त्याजपाशी उत्तर असते, परंतु भिंतीवरचे चित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देते. चिंचवडहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेल्या पुण्यात ह्याच प्रश्नाचे उत्तर एका पुरुषाने कुंचल्याने दिले. त्याचे चरित्र आमच्या उपदेशक बंधूंस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

आंजेलो द फोन्सेका ह्यांचा जन्म 1902 साली गोव्यात सांत इस्तेव ह्या बेटावर रोमन कॅथलिक घराण्यात झाला. मुंबईस वैद्यकीचा अभ्यास आरंभिला, तो सोडून ते चित्रशाळेत गेले. तेथील पाश्चात्य धाटणीत मन न रमल्यामुळे त्यांनी बंगालची वाट धरली, आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्या गुरूंपाशी राहून ते हिंदी चित्रकला शिकले.

परत आल्यावर त्यांनी मरीयेस लुगडे नेसविले व प्रभूस ह्या देशाच्या माणसाचा वर्ण दिला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. तेथील पुष्कळ ख्रिस्ती जनांस हे धर्माची विटंबना करण्यासारखे वाटले, आणि फोन्सेकांस जन्मभूमी सोडावी लागली. आम्हांस ह्या रागाचे नवल वाटते. क्रीट बेटावर जन्मून स्पेन देशातील टोलेडो नगरी आपलीशी करणारा एल ग्रेको (1541–1614) घ्या. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका सरदाराची मूठमाती रंगविताना त्याने भोवती उभे केले ते आपल्या काळचे टोलेडोकर, त्यांच्याच पोशाखात. ते चित्र आजही तेथील देवळात आहे. युरोपातील चित्रकारांनी मरीयेस आपल्या गावची स्त्री केले तर ती भक्ती, आणि गोवेकराने केले तर अपराध, हा न्याय कोठला?

फोन्सेकांस आसरा मिळाला तो पुण्यास शिवाजीनगरच्या ख्रिस्ती आश्रमात. अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो ह्यांनी 1922 साली नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ स्थापिला होता. पुढे त्याचे ठाणे पुण्यास झाले. तेथे गोरे व हिंदी बंधू खादी नेसून, एका पंक्तीस जमिनीवर बसून जेवीत. रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट एकत्र प्रार्थनाही करीत नसत अशा त्या दिवसांत एका रोमन कॅथलिक चित्रकारास प्रॉटेस्टंट आश्रमाने वर्षानुवर्षे घर दिले, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या चित्रांइतकीच मोलाची वाटते.

ते बहुधा पाण्याच्या रंगांत काम करीत. कागदावर पातळ रंग द्यावा, तो धुवावा, वाळल्यावर पुन्हा द्यावा, अशी ही बंगाली रीत; म्हणून त्या चित्रांत भडकपणा नाही, पहाटेचा उजेड असतो. कोणी म्हणेल, दुसरी आज्ञा काय म्हणते? चित्रापुढे नमन करू नये हे खरे, आणि आम्ही ते करीतही नाही. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रभूचे गुण अभंगात गाइले तेव्हा ते परके राहिले नाहीत. येथे तेच काम रंगांनी केले आहे. पंढरीची वाट ज्यांच्या शिवारातून जाते त्या गावकऱ्यांपुढे शुभवर्तमान सांगताना गोऱ्या मुखाचा ख्रिस्त घेऊन उभे राहावे, की बाळास कडेवर घेतलेली, डोक्यावरून पदर घेतलेली मरीया दाखवावी, ह्याचा विचार उपदेशकांनी आपल्या मनाशी करावा.

फोन्सेकांनी पुणे सोडले नाही. 28 डिसेंबर 1967 रोजी ते तेथेच प्रभूजवळ गेले. ज्या गोव्याने त्यांस बाहेर घालविले त्याच गोव्यात, पर्वरी येथील जेझुइटांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात, आता त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह जपून ठेविला आहे.