हवेला शिस्त लावणारा अभियंता

वातानुकूलन यंत्राचे जनक म्हणून जगभर ओळखले जाणारे विलिस हॅविलँड कॅरियर यांनी आपली पहिली यंत्रणा उभारली ती कागदासाठी. ब्रुकलिन येथील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याला १९०२ च्या उन्हाळ्यात एका विचित्र अडचणीने ग्रासले होते. रंगीत चित्रांसाठी एकाच कागदावर एकेक रंग स्वतंत्रपणे छापला जाई. दमट दिवशी कागद ओलावा शोषून किंचित वाढे, कोरड्या दिवशी आक्रसे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसेना. पावसाळ्यात मीठ पाझरलेले आणि पापड मऊ पडलेले पाहणाऱ्या मुंबईकराला हवेतील ओलाव्याचा हा उपद्रव वेगळा सांगायला नको. बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला दहा डॉलरवर लागलेल्या, नोकरीला जेमतेम वर्ष झालेल्या पंचवीस वर्षांच्या कॅरियर यांच्याकडे हे काम आले. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेल्या त्यांच्या आराखड्यांनुसार थंड नळ्यांवरून हवा खेळवून छापखान्यातील आर्द्रता ५५ टक्क्यांवर राखायची होती. आधुनिक वातानुकूलनाचा प्रारंभ त्या दिवसापासून मानला जातो.

कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी न्यूयॉर्क राज्यात, ईरी सरोवराजवळच्या अँगोला या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अपूर्णांक काही केल्या कळेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून त्याच्या फोडींवर ते शिकवले. कोणताही प्रश्न त्याच्या साध्या भागांत तोडून पाहण्याची सवय तिथूनच लागली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. ही आई ते अकरा वर्षांचे असतानाच गेली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून, मिळतील ती कामे करीत त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली.

छापखान्याचे काम झाले तरी कॅरियर यांचे समाधान झाले नव्हते. १९०२ च्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर दाट धुक्यात गाडीची वाट पाहत असताना त्यांना उत्तर सापडले. धुके म्हणजे ओलाव्याने पूर्ण भरलेली हवा. अशा हवेचे तापमान ठाऊक असेल तर तिच्यात पाणी किती, हेही नेमके ठाऊक होते. मग हवा गार पाण्याच्या बारीक तुषारांतून नेली आणि त्या पाण्याचे तापमान हवे तसे राखले, तर बाहेर पडणाऱ्या हवेतील ओलावा आपल्या हाती येतो. पाण्याच्या फवाऱ्याने हवा कोरडी करण्याची ही कल्पना ऐकणाऱ्याला वेडगळ वाटावी अशीच होती. तिचे पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले. १९११ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी हवेचे तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांचे संबंध मांडणारी सूत्रे सादर केली. या शास्त्राचा पाया आजही तोच आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सावटात बफेलो फोर्जने या शाखेतून अंग काढून घेतले. त्यावर कॅरियर आणि त्यांचे सहा सहकारी १९१५ मध्ये बाहेर पडले आणि ३२,६०० डॉलरच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची कंपनी काढली. कापड गिरण्या, तंबाखूचे कारखाने, औषध कंपन्या अशी गिऱ्हाइके मिळत गेली. १९२२ मध्ये त्यांनी आणलेल्या केंद्रोत्सारी शीतयंत्रामुळे मोठ्या इमारती थंड करणे सुरक्षित व परवडणारे झाले.

हवा थंड करणे हा मात्र प्रश्नाचा अर्धाच भाग होता. ती योग्य जागी, योग्य वेगाने पोहोचवणे हा उरलेला अर्धा. त्या काळच्या काही चित्रपटगृहांत गार हवा जमिनीतील झडपांतून सोडली जाई. प्रेक्षकांची पावले गारठत आणि बाल्कनीत बसलेले घामाघूम होत. पाय वर्तमानपत्रात गुंडाळून चित्रपट पाहण्याची पाळी लोकांवर येई. कॅरियर यांच्या कंपनीने हा प्रवाहच उलटा केला. हवा छतातून हलकेच खाली सोडायची आणि खुर्च्यांखालून परत ओढून घ्यायची. १९२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात ही यंत्रणा सुरू झाली, तेव्हा प्रेक्षक सवयीने हातपंखे घेऊन आले होते. हळूहळू एकेक पंखा थांबत गेला. त्यानंतर उन्हाळ्यात ओस पडणारी चित्रपटगृहे उन्हाळ्यातच भरू लागली.

१९२८ मध्ये कंपनीने घरगुती यंत्र बाजारात आणले, पण लगेचच आलेल्या महामंदीने ते मागे पडले. गगनचुंबी इमारतींचा प्रश्न कॅरियर यांनी १९३९ मध्ये सोडवला. रुंद हवावाहिन्या, म्हणजे डक्ट, मजल्यामजल्यावर मौल्यवान जागा अडवत. त्यांनी अरुंद नळ्यांतून मोठ्या वेगाने हवा खोलीखोलीत नेली. वेग वाढला की नळीतील दाब वाढतो आणि दाब वाढला की सांध्यातील बारीकशी फटही महाग पडते. अशी व्यवस्था सांधे पक्के असल्याशिवाय चालतच नाही.

गणितात इतका नेमका असलेला हा माणूस व्यवहारात विसरभोळा होता. एकदा प्रवासाला निघताना त्यांच्या मोठ्या बॅगेत केवळ एक रुमाल निघाला, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाचणीसाठी क्लीव्हलँड येथे उभारलेल्या वायुबोगद्यात अतिउंचीवरील कडाक्याची थंडी निर्माण करण्याचे काम त्यांनी केले आणि तेच आपले सर्वात अवघड काम मानले. हृदयविकारामुळे १९४८ मध्ये त्यांना निवृत्त व्हावे लागले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

अमेरिकेत घरोघरी वातानुकूलन पोहोचले ते त्यांच्या पश्चात. फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना या उष्ण राज्यांत तळघर नसलेली लाखो घरे उभी राहिली आणि डक्ट टाकायला जागा उरली ती छताखालच्या पोटमाळ्यावर. उन्हाळ्याच्या दुपारी तिथले तापमान ५५ अंशांच्याही वर जाते. घरातील सर्वांत गार हवा घरातील सर्वांत तापलेल्या जागेतून फिरवण्याचा हा प्रकार कॅरियर यांच्या शिस्तीत बसणारा नव्हता. त्यात सांधे सैल. नमुनेदार घरात डक्टमधील २० ते ३० टक्के हवा अशा गळतीतून वाया जाते, असा अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाचा अंदाज आहे. पुरवठ्याच्या वाहिनीतून गार हवा पोटमाळ्यावर सांडते. परतीच्या वाहिनीला भोक असेल तर तिथली तापलेली हवा आत ओढली जाते. घरातील दाब कमी झाला की दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची दमट हवा शिरते. ब्रुकलिनच्या छापखान्यातून हाकललेला ओलावा असा मागल्या दाराने परत येतो, आणि यंत्र अखंड चालूनही घर चिकट राहते. वाढलेले वीजबिल घरमालक यंत्राच्या माथी मारतो. प्रसंगी त्याहून मोठे यंत्र विकत घेतो. गळती तशीच राहते.

गंमत म्हणजे ‘डक्ट टेप’ हे नाव मिरवणारी कापडी चिकटपट्टी या कामी निरुपयोगी ठरली आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत उष्णतेने तिचा चिकटपणा गेला. इतर प्रकारची लेपने मात्र टिकली. त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने शतकातील शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत कॅरियर यांना स्थान दिले. खरा उपाय कष्टाचा आहे. आधी झडपा बंद करून पंख्याने डक्टमध्ये ठरावीक दाब निर्माण करायचा आणि किती हवा निसटते ते मोजायचे. मग निखळलेले पत्र्याचे तुकडे स्क्रूने जोडून, सांध्यावर फायबरची जाळी बसवून वर मॅस्टिक हे रंगाऱ्याच्या लांबीसारखे लेपन फासायचे. हात पोहोचत नाही अशा बारीक फटींसाठी बर्कलीच्याच संशोधकांनी १९९० च्या दशकात दुसरी युक्ती काढली. बंद केलेल्या डक्टमध्ये दाबाखाली चिकट द्रव्याचे सूक्ष्म कण सोडले जातात. हवा फटीकडे धावते, कण तिच्याबरोबर वाहत जाऊन फटीच्या कडांवर साठतात आणि फट हळूहळू बुजत जाते.